काटदरे साळिंदराची वाटपोपट कंपनी

एका जंगलात वाटा पुष्कळ होत्या आणि पाटी एकही नव्हती.

मग तिथले प्राणी फिरायचे कसे, असं तुम्ही विचाराल. विचारत विचारत फिरायचे. करवंदीच्या जाळीपाशी जो भेटेल त्याला विचारायचं, "तळ्याकडे कुठून?" तो सांगायचा, "असंच सरळ जा. एक मोडका बेहडा लागेल. तिथं कुणालाही विचारा." बेहड्यापाशी दुसरा भेटायचा. तो आधी तुमचं गाव-घर विचारायचा, मग त्याची मावशी तुमच्या काकांच्या शेजारी राहायची असं निघायचं. तळं गाठेपर्यंत दुपार टळायची. पण वाटेत ओळखी खूप व्हायच्या.

या जंगलात काटदरे नावाचा एक साळिंदर राहत होता. तो इंजिनियर होता. सुगरण पक्ष्यांच्या कॉलेजात शिकला होता आणि तिथं पहिला आला होता. नुसतं झाड बघून ते कुठल्या बाजूला पडेल हे तो अचूक सांगायचा.

त्याच्यात खोट एकच होती. त्याला दिशा कळत नसे. पहिला आल्याची बातमी सांगायला तो घरी निघाला आणि भलत्याच बिळात शिरला. तिथल्या मुंगसांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. जेवण झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही आपली आई नव्हे.

लग्नाच्या दिवशी तर कहरच झाला. तो पोहोचला तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. नवरी तेवढी उभी होती. तिचं नाव शलाका. तिच्या हातात हार होता, पण वाट बघून बघून भूक लागली म्हणून तिनं त्यातली फुलं एकेक करून खाऊन टाकली होती.

"आलात?" ती म्हणाली. "आता दोरा तेवढा राहिलाय. वाका जरा."

काटदरेनं मान वाकवली. तो दोरा गळ्यात पडला आणि त्याला फार लाज वाटली. असा प्रसंग आपल्यावर परत येऊ द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं. बाळांनो, मोठमोठे शोध असेच लागतात. कुणाला तरी चारचौघांत लाज वाटते, आणि मग त्याची फळं सगळ्यांना भोगावी लागतात.

एका दुपारी काटदरे उताणा पडून विचार करत होता. म्हणजे उताणा नव्हे, साळिंदराला उताणं पडता येत नाही. मान वाकडी करून तो आभाळाकडे बघत होता. वर एक घार घिरट्या घालत होती.

"तिला तिथून सगळं दिसत असेल," तो म्हणाला. "मी कुठंय, तळं कुठंय, सगळं."

"दिसत असेल, पण सांगेल कोण?" शलाका म्हणाली. "घारीची शीळ तुम्हाला कळते का?"

"मला नाही कळत," काटदरे म्हणाला आणि ताडकन उठला. "पोपटाला शिकवता येईल!"

अख्खा पावसाळा तो पोपटांना शिकवत बसला. युक्ती सोपी होती. आभाळात घारी फिरायच्या. खाली प्राण्याच्या डोक्यावर एक पोपट बसायचा. घार वरून शीळ घालायची, पोपट त्या शिळेचं बोलणं करायचा. "पुढच्या जांभळीपाशी डावीकडे वळा." "ओढा ओलांडा." आणि शेवटी, "तुमचं ठिकाण आलं आहे." कुणी चुकीचा वळलाच, तर पोपट रागवायचा नाही. एक सुस्कारा सोडून म्हणायचा, "मार्ग पुन्हा आखत आहे."

या युक्तीला काटदरेनं वाटपोपट असं नाव दिलं. आपल्याकडे एखाद्याचा पोपट होणं म्हणजे काय, ते तुम्ही मोठ्या भावाला विचारा. काटदरेला ते ठाऊक नव्हतं. तो अभ्यासू होता.

आता एकट्यानं कंपनी चालत नाही. काटदरेला बोलता येत नसे. कुणाशी बोलायची वेळ आली, की त्याच्या अंगावरचे काटे उभे राहायचे आणि समोरचा चार पावलं मागे सरायचा. म्हणून त्यानं कॉलेजातल्या मित्राला बरोबर घेतलं. हा मित्र म्हणजे हुपरीकर वानर. तो परीक्षेत काटदरेच्या मागच्या फांदीवर बसून पास झाला होता. त्याची सगळ्या झाडांवर ऊठबस होती आणि कुठल्याच झाडाशी भांडण नव्हतं.

"तू डोकं चालव, मी तोंड चालवतो," हुपरीकर म्हणाला. झाली कंपनी.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते शिंगरे नावाचं सांबर. शिंगरे हा काटदरेचा लहानपणापासूनचा मित्र. अंगानं दांडगा, मनानं भाबडा. त्याची शिंगं इतकी पसरट होती, की आडवाटेला गेला की कुठल्यातरी जाळीत अडकायचाच. मग काटदरे जायचा आणि दातांनी वेली कुरतडून त्याला सोडवायचा.

शिंगरेच्या शिंगांवर पोपट बसला आणि शिंगरे एकदाही न अडकता तळ्यावर जाऊन आला. तो रडायलाच लागला.

"काटदरे," तो म्हणाला, "तू माझा जन्म सोपा केलास रे!"

काटदरेनं आपले काटे घट्ट मिटून घेतले. आजवर त्याच्या जवळ येऊन कुणी रडलं नव्हतं.

मग काय विचारता! सशांनी पोपट घेतले, रानडुकरांनी घेतले, भेकरांनी घेतले. ज्यांना कुठंही जायचं नव्हतं, त्यांनीसुद्धा शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेतले. सकाळी सगळं जंगल "डावीकडे वळा, उजवीकडे वळा" अशा आवाजानं दुमदुमून जायचं. आता करवंदीच्या जाळीपाशी कुणी थांबत नव्हतं. समोरासमोर आले तरी प्राणी एकमेकांशी बोलत नसत. त्यांचे पोपटच एकमेकांची चौकशी करायचे.

काटदरे मोहाच्या झाडाखाली बसून वरच्या शिळा ऐकायचा. एकही शीळ चुकत नव्हती. त्याला वाटायचं, आयुष्यात मिळवायचं ते मिळालं.

आणि एक दिवस घारींनी संप केला.

त्यांचं म्हणणं खरं होतं. "दिवसभर आम्ही तुमच्यासाठी घिरट्या घालतो," त्या म्हणाल्या. "मग उंदीर कधी पकडायचे? सरडे कधी पकडायचे? पिल्लं उपाशी आहेत."

काटदरेनं त्यांना पेरू देऊ केले. घारींनी पेरूकडे पाहिलं, मग काटदरेकडे पाहिलं, आणि त्या उडून गेल्या.

तेव्हा हुपरीकर पट्टेवारसाहेबांना घेऊन आला. पट्टेवारसाहेब म्हणजे या जंगलातला वाघ. वागायला अतिशय सभ्य. बोलताना पंजा छातीवर ठेवायचे.

"काटदरे, तुमचं काम मी बघतोय," साहेब म्हणाले. "अभिमान वाटतो. घारींच्या जेवणाची काळजी सोडा. माझ्याकडे रोजचं उरतं. हाडाजवळचं मला हल्ली पचत नाही. ते त्यांनी न्यावं."

"आणि त्याच्या बदल्यात?" काटदरेनं विचारलं. त्याचे काटे अर्धे उभे राहिले होते.

"छे छे! बदल्यात काय घ्यायचं? संध्याकाळी जरा कुणीतरी सांगत जा, कोण कुठं चाललंय, कोण कुठं पाण्याला जातंय. वय झालं. करमत नाही."

घरी आल्यावर काटदरेनं ही गोष्ट शलाकाला सांगितली. ती कंद सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"अहो, वाघाला करमत नाही म्हणजे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"अगं, घारी पोटभर जेवल्या की आणखी उंच जातील. तेवढी शीळ अचूक येईल. झाड चुकणार नाही, झुडूप चुकणार नाही."

"झुडूप चुकणार नाही, हे खरं," शलाका म्हणाली. "झुडपामागचं काय?"

काटदरे तोवर जमिनीवर रेघा मारायला लागला होता. रेघा मारताना त्याला ऐकू येत नसे.

काही दिवसांनी पोपट एक नवीन वाक्य बोलायला लागले. कुणी पाण्याला निघालं, की मध्येच म्हणायचे, "जवळच कोवळं गवत आहे. जायचं का?"

हे वाक्य काटदरेनं शिकवलं नव्हतं. तो हुपरीकरकडे गेला.

"ती पट्टेवारसाहेबांची सूचना," हुपरीकर म्हणाला. "गिऱ्हाइकांना फार आवडलंय. उठायचं, निघायचं, एवढंच. कुठं जायचं याचा विचारसुद्धा करावा लागत नाही."

काटदरेला ते जरा खटकलं. पण खटकलेली गोष्ट बाजूला ठेवून कामाला लागायची त्याला सवय होती. सगळ्या हुशार लोकांना असते.

मग एका संध्याकाळी तो मोहाखाली बसला असताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. पोपट परत येत होते. एकेकटे. खाली प्राणी नव्हते, नुसते पोपट.

त्यानं एकाला बोलावलं. "तुझं गिऱ्हाईक कुठंय?"

"ठिकाणावर पोहोचलं," पोपट म्हणाला.

"मग?"

"मी म्हणालो, तुमचं ठिकाण आलं आहे."

"बरं, मग?"

"मग ठिकाण उठलं," पोपट म्हणाला आणि पेरू खायला लागला.

काटदरेच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. तो तसाच धडपडत झाडावर चढला आणि वाटेतल्या दोन फांद्यांची सालं सोलवटून हुपरीकरसमोर जाऊन उभा राहिला.

"हुपरीकर, आपली गिऱ्हाइकं मरतायत!"

"हळू बोल," हुपरीकर म्हणाला. "हे बघ, मी रोज विचारपूस करतो. एकाची तक्रार नाही. एकाची! पूर्वी लोक म्हणायचे, पोपट घोरतो, पोपट डोकं घाण करतो. हल्ली तेही नाही. गवतावर जाऊन आलेल्यांपैकी कुणी एक शब्द वाईट बोललेला तू दाखव."

"जाऊन आलेला कुणी आहे का?"

हुपरीकरनं शेपटी गोळा करून मांडीवर घेतली आणि तिला कुरवाळायला लागला. "तू फार खोलात जातोस," तो म्हणाला. "शिंगरे बघ किती खूश आहे. आपलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून आज साहेबांनी त्याला खास कोवळ्या गवताचं आमंत्रण दिलंय. निघालासुद्धा असेल."

काटदरे झाडावरून उतरला नाही. पडला. आणि पडला तसा पळत सुटला.

थोडं पळाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला वाट माहीत नाही. त्यानं पेरू खाणारा तो पोपट ओढून डोक्यावर बसवला. पोपट दुपारीच तिथं जाऊन आला होता. वर घार शीळ घालत होती, पोपट बोलत होता, "पळसापाशी उजवीकडे वळा." काटदरे उजवीकडे वळत होता. वाट बिनचूक होती. कुठं दगड नाही, कुठं जाळी नाही. पळता पळतासुद्धा त्याला वाटून गेलं, काय सुंदर काम झालंय! आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

गवत खरंच कोवळं होतं. शिंगरे मधोमध उभा होता. शिंगांवर पोपट होता. समोर आंब्याच्या सावलीत पट्टेवारसाहेब बसले होते.

"तुमचं ठिकाण आलं आहे," शिंगरेचा पोपट म्हणाला.

ठिकाण उठायला लागलं.

काटदरे मध्ये शिरला. पाठ वाघाकडे केली आणि काटे उभारले. आयुष्यात पहिल्यांदा तो सभ्य जनावरासमोर मुद्दाम काटे उभारत होता. त्याचे सगळे काटे एकमेकांवर आपटून खळखळ वाजत होते.

पट्टेवारसाहेब थांबले. साळिंदराचा काटा पंजात गेला की महिनाभर चालता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"काटदरे, तुम्ही संस्थापक," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "घरच्या माणसानं असं करायचं?"

"शिंगरे, पळ!" काटदरे ओरडला.

"कुठं?" शिंगरे म्हणाला. "ठिकाण तर आलं ना?"

"तो वाघ आहे, गाढवा!"

शिंगरेनं पाहिलं. "आहे खरा," तो म्हणाला. "पण पोपट काही बोलत नाहीये."

तेव्हा काटदरेनं गिरकी घेतली आणि बालमित्राच्या पार्श्वभागात मूठभर काटे खुपसले. शिंगरे किंचाळून उधळला. बेहड्यापर्यंत गेला. तिथं पोपटानं सुस्कारा सोडला. "मार्ग पुन्हा आखत आहे. मागे वळा."

शिंगरे गुणी प्राणी. तो मागे वळला.

काटदरेनं परत टोचलं. शिंगरे परत पळाला. "मागे वळा," पोपट म्हणाला. शिंगरे वळला. असं करत करत, दर वळणाला टोचत टोचत, काटदरेनं त्याला त्याच्या घरी आणलं. घरी पोहोचेपर्यंत शिंगरेची मागची बाजू साळिंदरासारखी दिसायला लागली होती आणि काटदरेची सांबरासारखी.

शिंगरे पोटावर पडून राहिला. शलाका रोज जाऊन त्याचे काटे उपटायची आणि वर हळद लावायची. तो तिच्याशी बोलायचा. काटदरे आला की भिंतीकडे तोंड करायचा.

आणि पडल्या पडल्या त्यानं पोपटाबरोबर कंपनीला निरोप पाठवला. "संस्थापकांनी मला मागून काटे टोचले आणि मला माझ्या ठिकाणी पोहोचू दिलं नाही. मनाला फार लागलं."

ही कंपनीकडे कित्येक दिवसांत आलेली पहिली तक्रार. हुपरीकरनं ती सगळ्यांसमोर बोलून दाखवली. दाखवताना त्यानं शेपटीनं डोळे पुसले.

"काटदरे, तू माझा मित्र आहेस," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक आपल्याला देवासारखं."

"देवाला कुणी असं वाघापुढे ठेवतं का?" काटदरेनं विचारलं. पण तोवर त्याला कंपनीतून काढून टाकल्याचं घारींनी शीळ घालून सगळ्या जंगलाला कळवलं होतं.

काटदरे घरी आला आणि एका कोपऱ्यात बसून राहिला. नुकते फुटलेले नवे काटे सगळे अंगाला चिकटलेले.

"वाईट वाटतंय?" शलाकानं विचारलं.

"शिंगरेनं तक्रार करावी?"

"तक्रार करायला तो राहिला ना," शलाका म्हणाली. "त्याच्या आधी गेले, त्यांच्यापैकी कुणी केली?"

काटदरेनं मान वर केली. मग उठला.

दुसऱ्या दिवसापासून तो आणि शलाका कोवळ्या गवताच्या वाटेवर जाऊन बसायला लागले. कुणी आलं, की काटदरे आधी हात जोडून सांगायचा, "पुढं वाघ आहे, परत फिरा." समोरचा पोपटाकडे बघायचा. पोपट म्हणायचा, "सरळ जा." मग काटदरे टोचायचा. काटदरेच्या हातून निसटलाच, तर पुढं शलाका असायची. ती जास्त खोल टोचायची.

कंपनीकडे तक्रारींची रीघ लागली. ससे आले, भेकरं आली. एका रानडुकराला तर उभ्यानं जेवावं लागत होतं, ते सहकुटुंब आलं. हुपरीकरला शेपटी कुरवाळायला फुरसत मिळेना. संध्याकाळी वाऱ्यावर कुणाची तरी किंचाळी आणि मागोमाग शिव्याशाप ऐकू आले, की शलाका म्हणायची, "चला, हाही घरी पोहोचला."

काटदरे हसायचा. त्याला हल्ली हसायला यायला लागलं होतं.

पट्टेवारसाहेब वाळत चालले. घारींना हाडंसुद्धा मिळेनात. शेवटी हुपरीकरनं सभा बोलावली. अध्यक्षस्थानी पट्टेवारसाहेब होते. बसायची सोय होती, पण बहुतेक श्रोते उभेच राहिले.

"या जंगलात सुखानं कुठं जाता येत नाही," एक ससा म्हणाला.

"प्रगतीच्या वाटेत काटे पेरणाऱ्यांना इथं जागा नाही," हुपरीकर म्हणाला. टाळ्या झाल्या.

शिंगरे तर व्यासपीठावर चढला. "मी याला मित्र मानत होतो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा मध्ये आला नसता, तर आज मी कुठल्या कुठं पोहोचलो असतो!"

काटदरे आणि शलाकाला नदीपार घालवून द्यायचं एकमतानं ठरलं. पट्टेवारसाहेबांनी पंजा छातीवर ठेवून खेद व्यक्त केला.

त्यांना घालवायला सगळं जंगल नदीवर लोटलं. ससे आले होते, त्यांची पिल्लं आली होती. भेकरं होती, रानडुकरं होती. म्हाताऱ्या चितळणी नातवंडांना पुढं करून "तो बघ, तो टोचणारा!" असं दाखवत होत्या. गलका इतका होता, की पाण्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

काटदरे पाण्यात उतरता उतरता थांबला. त्यानं मागे वळून या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्दीवर नजर फिरवली. एवढी गर्दी त्यानं या जंगलात बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"शलाका, बघ," तो हळूच म्हणाला. "सगळे आलेत."

मग दोघं नदी उतरून गेली. अलीकडच्या काठावर पट्टेवारसाहेबांनी आळस दिला, आणि डोक्याडोक्यांवरचे पोपट एकदम बोलायला लागले.

तात्पर्य: बाळांनो, मोठे होऊन कंपनी काढलीत, तर गिऱ्हाइकाला वाटेत कधी अडवू नका, त्याला थेट त्याच्या ठिकाणी पोहोचवा. नीट पोहोचलेलं गिऱ्हाईक कधीही कुरकुर करत नाही.